२५ सेंटचा लाल उजेड

अंधाऱ्या खोलीत जुनं आर्केड कॅबिनेट, म्हणजे नाणं टाकून खेळायच्या व्हिडिओ गेमचं यंत्र, चालू केलं की नजर आधी पडद्यावर जाते, मग वरच्या रंगीत पाटीवर. त्यानंतर कधीतरी खाली, गुडघ्याच्या जरा वर. तिथे काळ्या लोखंडी दारावर काडेपेटीहून लहान असे दोन लाल चौकोन पेटलेले असतात आणि त्यांवर २५ सेंटचा आकडा. ऐंशीच्या दशकात अमेरिकेतली खेळघरं मुद्दाम अंधारी ठेवत, कारण काचेच्या पिक्चर ट्यूबवर बाहेरचा उजेड पडला की चित्र धुऊन निघाल्यासारखं दिसे. त्या अंधारात नाणं कुठे टाकायचं हे दाखवायला हे दोन दिवे. दुसरं काम न बोलता करायचे: यंत्र धड आहे, पैसे टाका. हे विझलेले असले की पडद्यावर खेळ चालू असूनही यंत्र आजारी वाटतं.

कॅबिनेट दुरुस्त करणारे मॉनिटरवर महिनाभर घालवतात, खेळ चालवणाऱ्या सर्किट बोर्डावरची एकेक चिप तपासतात, जॉयस्टिकच्या स्प्रिंगा बदलतात आणि कॉइन डोअरचे, म्हणजे नाण्याच्या त्या दाराचे, दिवे तसेच मेलेले ठेवतात. किंवा शेवटच्या दिवशी अर्ध्या तासात उरकतात. दोन बल्ब, दोन वायरी, त्यात काय मोठं? कामात खरंच मोठं काही नाही. पण या दिव्यांचा शेजार वाईट आहे. दिव्याच्या वायरीपासून दोन बोटांवर नाण्याच्या स्विचची वायर असते आणि ती थेट गेम बोर्डाच्या पोटात जाते.

आधी ती जागा नीट बघू. तो लाल चौकोन नुसती पाटी नसतो, तो बटणही असतो. अडकलेलं नाणं परत मिळवण्यासाठी तो दाबायचा. बटणाचं पोकळ प्लास्टिकचं घर, त्यात छापलेला लाल तुकडा, मागे बल्ब आणि बल्बच्या अगदी लगत कॉइन मेक, म्हणजे नाणं पारखणारी यंत्रणा. अमेरिकेचं २५ सेंटचं नाणं २४.२६ मिलिमीटर व्यासाचं आणि ५.६७ ग्रॅम वजनाचं. ते या यंत्रणेत घरंगळतं, छोट्या तराजूवर तोललं जातं, चुंबकाच्या जवळून जातं आणि खरं ठरलं तर खाली पडताना एका मायक्रोस्विचची बारीक तार दाबतं. ती तार दबली की बोर्डाला एक क्रेडिट, म्हणजे खेळायला पैसे आले, हे कळतं. दिव्याची वायर सैल सोडली आणि ती या तारेला टेकली, तर नाणं जातं पण क्रेडिट येत नाही. लोक मग तासभर बोर्डात दोष शोधत बसतात.

काम सुरू करण्याआधी एकच प्रश्न सोडवायचा: या दाराला कुठला व्होल्टेज येतो? इथे अंदाज चालत नाही. कॅलिफोर्नियातलं सनीवेल हे आज बे एरियातल्या मराठी मंडळींच्या ओळखीचं गाव. तिथली अटारी कंपनी ॲस्टरॉइड्स (१९७९), मिसाइल कमांड (१९८०), सेंटिपीड (१९८१) बनवत होती, तेव्हा या दिव्यांना ६.३ व्होल्ट एसी दिला जाई. कॅबिनेटच्या तळाशी बसणाऱ्या जड ट्रान्सफॉर्मरमधून तो निघे. पुढे १९८५ नंतर जपानी उत्पादकांच्या संघटनेचं जामा हे ५६ पिनांचं वायरिंग रूढ झालं, तळाशी स्विचिंग पॉवर सप्लाय आला आणि दिवे १२ व्होल्ट डीसीवर गेले. काही ठिकाणी ५ व्होल्टवरही. त्यातही एकाच कॅबिनेटने आयुष्यात दोन-तीन खेळ पाहिलेले असतात. खेळ बदलणाऱ्या कारागिराने दाराची वायर जिथे जमेल तिथे जोडलेली असते. म्हणून बल्ब काढून होल्डरच्या धातूच्या दोन पत्त्यांवर मल्टिमीटर लावा, आधी एसीवर, मग डीसीवर. ६.३ व्होल्टची जोडणी बल्बशिवाय ७ च्या आसपास दाखवते, त्यात घाबरण्यासारखं काही नाही.

हा ६.३ आकडा आला कुठून, हे कळलं की दुरुस्तीला जरा मजा येते. रेडिओच्या जुन्या व्हॉल्व्हमधली तापणारी तार ६.३ व्होल्टची असे, कारण मोटारीतला रेडिओ गाडीच्या बॅटरीवर चालायचा आणि त्या काळच्या बॅटरीत शिशाच्या तीन सेल असत, प्रत्येकी २.१ व्होल्ट. व्हॉल्व्ह गेले, सहा व्होल्टच्या गाड्या गेल्या, तरी ६.३ चे छोटे बल्ब आणि ते पेटवणारे ट्रान्सफॉर्मर बाजारात राहिले. नंतरचे १४ व्होल्टचे बल्बही गाडीचेच, डॅशबोर्डवरचे. इंजिन चालू असताना बारा व्होल्टच्या गाडीत प्रत्यक्षात १४ च्या जवळपास व्होल्टेज असतो, म्हणून बल्बवर १४ लिहिलेलं. म्हणजे नाणं टाकायच्या दारामागे दोन पिढ्यांच्या मोटारगाड्या लपलेल्या आहेत.

बल्ब नंबराने मागायचा. ४७ नंबर म्हणजे ६.३ व्होल्ट, ०.१५ अँपिअर, खाली दोन बारीक खुंट्या असलेला, दाबून फिरवायचा. आपल्या घरगुती बल्बचीच ही पद्धत, फक्त टोपी ९ मिलिमीटरची. ४४ नंबर दिसायला हुबेहूब तसाच, पण ०.२५ अँपिअर खातो. उजेड जास्त, पण उष्णताही दीडपटीहून अधिक: ४७ चा एक वॉटही होत नाही, ४४ चा १.६ वॉट होतो. बंद प्लास्टिकच्या बटणामागे हा फरक वर्षानुवर्षांत दिसतो. लाल तुकडा मधोमध तपकिरी पडतो, घर वाकतं आणि बटण अडकायला लागतं. मूळ बल्ब ४४ असला तरी तिथे ४७ लावावा, असं माझं स्पष्ट मत आहे.

बिनटोपीच्या, चपट्या काचेच्या बुडाच्या बल्बांत खरा सापळा आहे. ५५५ नंबर ६.३ व्होल्टचा, १६१ नंबर १४ व्होल्टचा आणि दोघांचं बूड एकच. होल्डरला फरक कळत नाही. ५५५ बारा व्होल्टच्या होल्डरमध्ये गेला की निळसर पांढरा लखलखतो आणि थोड्याच वेळात उडतो. १६१ सहाच्या होल्डरमध्ये लावला तर निखाऱ्यासारखा मंद तांबूस दिसतो आणि माणूस वायरीत दोष शोधत बसतो. भारतात १६१ सहज मिळत नाही, म्हणून ऑटो स्पेअरच्या दुकानातून पार्किंग लाइटचा १२ व्होल्ट ५ वॉटचा बल्ब आणायचा मोह होतो. बुडाने तो बसतोही चपखल. पण पाच वॉट म्हणजे त्या कोंदट जागेत तवाच. तो नको.

बल्बवर लिहिल्यापेक्षा थोडा कमी व्होल्टेज देणं मात्र उत्तम. फिलामेंटच्या बल्बचं आयुष्य व्होल्टेजच्या साधारण बाराव्या घाताने बदलतं. १४ चा बल्ब १२ वर चालवला तर उजेड साठ टक्क्यांच्या आसपास उरतो, आयुष्य सहापटीहून जास्त वाढतं. ६.३ चा ५ वर चालवला तर उजेड निम्म्याहून थोडा खाली येतो आणि आयुष्य सोळापट होतं. दाराचा दिवा लखलखीत नसला तरी चालतो. तो विझलेला नसावा, एवढंच.

आता वायरी. दोन बल्ब समांतर जोडायचे, म्हणजे प्रत्येकाला पूर्ण व्होल्टेज. ६.३ चे दोन बल्ब एकामागून एक जोडून १२ वर चालवता येतात, प्रत्येकाला ६ मिळतात, गणित बरोबर आहे. पण दिवाळीच्या जुन्या माळेचं जे व्हायचं तेच इथे होतं: एक उडाला की दोन्ही अंधारात, आणि कुठला उडाला ते शोधत बसा.

वायर ०.५ चौरस मिलिमीटरची, अनेक तारांची, मऊ. तळातल्या सप्लायपासून बिजागरीपर्यंत साधारण सव्वा मीटर, दारावर अर्धा मीटर आणि बिजागरीपाशी वळणासाठी १५ सेंटिमीटर जास्तीची. टोकाला चपटे फीमेल लग, म्हणजे होल्डरच्या पत्तीवर सरकवून बसवायचे धातूचे तुकडे, ०.१८७ इंचांचे, म्हणजे बाजारात ४.८ मिलिमीटरचे. दुकानात लग मागितले की बहुतेक वेळा ६.३ मिलिमीटरचे हातात पडतात, ते या पत्तीवर सैल बसतात आणि मग लूज काँटॅक्टचा त्रास सुरू. (६.३ व्होल्ट आणि ६.३ मिलिमीटर यांचं एकमेकांशी काही नातं नाही, पण पहिल्यांदा काम करणाऱ्याचा या दोन आकड्यांनी घोळ होतोच.) लग चांगल्या क्रिंपिंग टूलने दाबायचा. पक्कडीने चेपलेला लग आज बसतो आणि वर्षभराने ओढल्यावर हातात येतो. वायरींना पीळ देऊन वर काळी टेप गुंडाळायची आपली घरगुती सवय इथे सोडावी. काही उन्हाळ्यांनी टेपचा चिकट रस होतो आणि उरतो उघडा पीळ. डाग देऊन (सोल्डर करून) जोडलं तरी हलत्या जागी ते वाईटच, कारण डाग जिथे संपतो तिथे वायर कडक होते आणि नेमकी तिथेच तुटते. डाग द्यायचाच असेल तर तो दारापासून दूर, स्थिर जागी, वर श्रिंक स्लीव्ह घालून.

बारा व्होल्टच्या वायरीत सप्लायजवळच १ अँपिअरचा फ्यूज घालावा. १६१ चे दोन बल्ब बारावर मिळून ०.३५ अँपिअरच्या आसपास घेतात, मग फ्यूज कशाला? कारण सप्लाय कित्येक अँपिअर द्यायला तयार असतो. लोखंडी दारात वायर चिमटली आणि शॉर्ट झाली, तर सप्लाय बंद पडायच्या आधी ती बारीक वायर तापून वितळेल. फ्यूज सावकाश उडणारा घ्या. थंड फिलामेंटचा रोध गरम असतानाच्या जेमतेम दहावा हिस्सा असतो, त्यामुळे चालू करताक्षणी करंटचा झटका बसतो आणि चार दिव्यांच्या दारात चपळ फ्यूज उगाच जातो. मल्टिमीटरवर बल्ब सहा-सात ओहम दाखवतो तेही याचमुळे. तो शॉर्ट नाही.

आता त्या वाईट शेजाराकडे. बल्ब होल्डरच्या पत्त्या आणि नाण्याच्या मायक्रोस्विचच्या पत्त्या एकाच मापाच्या असतात. कुठलाही लग कुठेही बसतो. बारा व्होल्टची दिव्याची वायर चुकून मायक्रोस्विचच्या पत्तीवर गेली, तर ते बारा व्होल्ट कॉइनच्या पिनमधून, जामामध्ये १६ नंबरची पिन नाण्याच्या पहिल्या खाचेसाठी आणि समोरच्या बाजूची टी पिन दुसऱ्या खाचेसाठी, थेट बोर्डाच्या ५ व्होल्टच्या चिपवर आदळतात. चिप जाते. घरी बनवलेल्या, कॉम्प्युटरवर चालणाऱ्या कॅबिनेटमध्ये यूएसबी एन्कोडर, म्हणजे बटणांचे संकेत कॉम्प्युटरला कळवणारा छोटा बोर्ड, जातो. म्हणून दिव्यांचा रंग वेगळा, स्विचचा वेगळा, आणि पहिल्यांदा चालू करताना गेम बोर्डाचा कनेक्टर काढून ठेवलेला. दिवे लागले, स्विचच्या सगळ्या पत्त्यांवर मल्टिमीटर शून्य दाखवतो हे बघितलं, मगच बोर्ड जोडायचा.

याहून छुपा दोष ग्राउंडचा, म्हणजे सप्लायकडे परत जाणाऱ्या शून्य व्होल्टच्या वायरीचा. कारखान्यातून आलेल्या कितीतरी दारांत एकच काळी वायर साखळीसारखी फिरलेली असते: पहिल्या स्विचचं कॉमन, म्हणजे ग्राउंडची पत्ती, दुसऱ्या स्विचचं कॉमन, मग दोन्ही दिव्यांची दुसरी पत्ती. वायर वाचते, काम सुटसुटीत दिसतं. आता समजा साखळीची सुरुवातच तुटली, बिजागरीपाशी ती तुटतेच. दिवे विझतात. पण बल्बची फिलामेंट शाबूत आहे, आणि तिच्यातून बारा व्होल्ट पलीकडच्या काळ्या वायरीवर येऊन उभे राहतात. ग्राउंड म्हणवणारी वायर आता ग्राउंड राहिलेली नाही. कुणीतरी नाणं टाकतो, स्विच मिटतो आणि बोर्डाला ० ऐवजी १२ मिळतात. विझलेल्या दिव्याने बोर्ड मारला, असं कुणाला सांगितलं तर पटणारही नाही.

वायर पूर्ण तुटलेली नसून नुसती गंजलेली असली, तर लक्षण आणखी गमतीचं. दिव्यांचा ०.३५ अँपिअर त्याच काळ्या वायरीतून परत जातो. सांध्यात अडीच ओहमचा रोध तयार झाला की तिथे ०.८ व्होल्टहून जास्त उरतो आणि त्या काळच्या टीटीएल जातीच्या, ५ व्होल्टवर चालणाऱ्या चिपा ०.८ च्या वर गेलेला संकेत शून्य मानायला बांधलेल्या नाहीत. मग नाणं कधी लागतं, कधी लागत नाही. दोन्ही बल्ब काढून बघा. बल्ब काढल्यावर प्रत्येक नाणं बिनचूक लागायला लागलं, तर दोष बोर्डात नाही, स्विचमध्ये नाही, या सामायिक काळ्या वायरीत आहे. उपाय साधा: दिव्यांची परतीची वायर स्वतंत्र, थेट सप्लायच्या ग्राउंडपर्यंत. सव्वा मीटर जास्तीची वायर लागते. एसीवरच्या दिव्यांना तर दोन्ही वायरी वेगळ्याच हव्यात, ६.३ एसीचं कुठलंही टोक स्विचच्या ग्राउंडला आपल्या मनाने जोडू नये.

आणि हे ग्राउंड म्हणजे अर्थिंग नव्हे. लोखंडी दाराला हिरवी, किंवा पिवळ्या पट्ट्याची हिरवी, वायर स्वतंत्रपणे मुख्य अर्थिंगला गेलेली असायला हवी. जुन्या कॅबिनेटांत ती बऱ्याचदा तोडून टाकलेली सापडते. दिव्यांआधी ती जोडा. दाराला माणसाचा हात लागतो.

बिजागरीपाशी वायर आतून तुटते, वरचं आवरण मात्र शाबूत दिसतं. म्हणून वायरींचा जुडगा बिजागरीला समांतर न्यायचा, वाकण्याऐवजी त्याला पीळ बसेल असा. दोन्ही बाजूंना क्लिपने धरून मध्ये सैल कमान ठेवायची आणि वर जाळीची स्लीव्ह चढवायची. मध्ये एक कनेक्टर घातला तर पुढच्या वेळी दार काढून टेबलावर घेता येतं. गुडघ्यांवर बसून टॉर्च दातात धरून काम करण्यापेक्षा ते कितीतरी बरं.

होल्डर जुने असतील तर त्यांच्याकडे थोडं जास्त लक्ष द्यावं लागतं. चपट्या बुडाच्या होल्डरमध्ये दोन पत्त्यांची स्प्रिंग मेलेली असते. बारीक स्क्रूड्रायव्हरने आत वाकवली की काम होतं. खुंट्यांच्या होल्डरमधला दोष कपटी आहे. बाहेरची नळी आणि तिला धरणारी पत्ती नुसती चेपून जोडलेली असते, डाग दिलेला नसतो. चाळीस वर्षांत त्या दोघींमध्ये गंजाचा पापुद्रा येतो. दिवा टिचकी मारली की लागतो, सोडला की विझतो. बल्ब बदलून काही होत नाही. सांधा ४०० नंबरच्या पॉलिश पेपरने चकचकीत करा, फ्लक्स लावा आणि नळी ते पत्ती असा एक जाडसर डाग द्या. मुंबई-कोकणच्या खाऱ्या दमट हवेत तर हे आधीच करून टाकावं.

एलईडीबद्दल मतभेद आहेत आणि मला ते समजतात. एलईडी तापत नाही, बटण वाकवत नाही, ०.०२ अँपिअर खातो. पण पांढऱ्या एलईडीच्या उजेडात लाल भाग कमी आणि निळा जास्त, त्यामुळे लाल प्लास्टिकमागे तो फिकट, गुलाबीसर दिसतो. फिलामेंटच्या उजेडात लाल ओसंडून असतो, म्हणून तो जुना लाल तसा भरदार वाटायचा. एलईडी लावायचा तर लाल तुकड्यामागे लाल लावा, किंवा निदान पिवळसर छटेचा. सुटा एलईडी वापरायचा असेल तर बारा व्होल्टवर लालला ५६० ओहम, पांढऱ्याला ४७० ओहम, अर्ध्या वॉटचा रोध. पाव वॉटचा चालतो, पण तापतो. गाडीचे तयार एलईडी एकाच बाजूने पेटतात; नाही पेटला तर टाकून देऊ नका, काढून उलटा बसवा.

६.३ एसीवर मात्र साधा एलईडी सरळ लावू नये. एसीचं शिखर ८.९ व्होल्टपर्यंत जातं आणि उलट्या दिशेने साधारण ५ व्होल्टच सोसण्याची एलईडीची ताकद. वर तो सेकंदाला ६० वेळा, भारतात ५० वेळा, उघडमीट करतो; नजर हलवली की ते जाणवतं. एसीचा डीसी करायला चार १एन४००१ डायोडांचा ब्रिज, ४७० मायक्रोफॅरड १६ व्होल्टचा कपॅसिटर, मागे साडेसात व्होल्ट डीसी मिळतो, आणि प्रत्येक पांढऱ्या एलईडीला २२० ओहम. एवढं सामान मुंबईच्या लॅमिंग्टन रोडच्या कुठल्याही काउंटरवर मिळतं. नाहीतर ब्रिज आतच असलेले एसीवर चालणारे एलईडी बल्ब घ्यावेत.

सगळं जोडून झालं आणि दिवे लागलेच नाहीत, तर वायर उसवण्याआधी एक बघा. पुष्कळ कॅबिनेटांत दार किंवा मागची फळी उघडली की सगळी वीज तोडणारा इंटरलॉक स्विच असतो. त्याची पांढरी दांडी बाहेर ओढली की दार उघडं असतानाही वीज चालू राहते. ती ओढलेली असताना आत मेनची वीज आहे आणि मॉनिटरच्या मागे हजारो व्होल्ट, हे लक्षात ठेवून एक हात खिशात.

शेवटची तपासणी दार हलवून. उघडं, अर्धं, बंद असं सावकाश फिरवत दोन्ही दिव्यांकडे बघत राहायचं. एखाद्या कोनात पापणी लवल्यासारखं झालं तर बिजागरीपाशी वायर तुटायला लागली आहे, ती आत्ताच बदला. मग प्रत्येक खाचेत दहा नाणी, मोजून दहा क्रेडिट. अकरावं नाणं मुद्दाम वाकडं किंवा चुकीच्या मापाचं, आणि लाल बटण दाबायचं. बटण दाबताना होल्डर किंवा त्याचा लग मागच्या यंत्रणेला घासत नसेल, तर नाणं खालच्या वाटीत खणकन येतं आणि दिवा जराही थरथरत नाही.